हॉटेल ठरायचंय

नगरपालिकेची नोटीस दाराला चिकटवलेली होती, आणि ती वाचायला सगळ्यांत लायक माणूस नेमका त्याच वेळी सकाळचं फिरून जिना चढत होता. काकूंचे यजमान. उभी नोकरी त्यांनी नगरपालिकेच्या परवाना खात्यात काढलेली, आणि निवृत्त झाले ते मुख्य कारकून म्हणून. अर्जात काही कमी-जास्त असलं की खात्याच्या भाषेत त्याला 'त्रुटी' म्हणतात. गावात क्वचितच असा दुकानदार असेल ज्याच्या अर्जात त्यांनी त्रुटी काढली नसेल. अर्ज कितीही नेटका असो, ते चष्मा कपाळावर सरकवत, कागद नाकाशी धरत आणि म्हणत, "एक किरकोळ त्रुटी आहे." निवृत्त होईपर्यंत लोक त्यांचं खरं नाव विसरून गेले होते. त्रुटीसाहेब हेच नाव पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचंही.

जिन्यातच उभं राहून त्यांनी नोटीस वाचली, खिशातलं पेन काढून दोन ठिकाणी खुणा केल्या आणि मग आत आले.

"अगं, नोटीस आलीय. मसुदा अगदीच कच्चा. 'विनापरवाना' हा एक शब्द आहे, ह्यांनी तोडून दोन केलेत. आणि जावक क्रमांकच नाही."

"कुणाला आलीय?" काकूंनी पातेल्यातला डाव न थांबवता विचारलं.

"तुला."

"मला? काय म्हणतात?"

"राहत्या घरात तू विनापरवाना खाद्यपदार्थांचा धंदा करतेस म्हणे."

काकूंनी ओट्याकडे नजर टाकली. ओट्यावर, टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर उघडे डबे आ वासून बसले होते. "म्हणे कसलं? करतेच आहे की," त्या म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आजवर ह्या प्रकाराला शेजारधर्म असं नाव दिलं होतं. आणि सुरुवात खरोखर शेजारधर्मानंच झाली होती. खालच्या मजल्यावरची नर्स दिवसभर पायांवर उभी राहून घरी यायची आणि दूध-बिस्किटावर झोपायची. ते काकूंना बघवलं नाही. त्यांनी तिला एक डबा दिला. नर्सनं तो दवाखान्यात उघडला आणि वास वॉर्डभर गेला. मग दुसरी नर्स, मग डॉक्टर, मग दवाखान्यासमोरची अख्खी बँक. काकूंनी कुणाला नाही म्हटलं नाही आणि साहेबांनी कधी काही विचारलं नाही. सकाळी जिन्यात डब्यांची अशी रांग लागायची की वरचे लोक अंग चोरून उतरायचे. शेवटी त्यांतल्याच कुणाचा तरी पाय रश्श्यात पडला आणि तक्रार गेली. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचे परवाने तपासले, त्याच्याच घरात बिनपरवान्याची खाणावळ चालू होती आणि तो दोन्ही वेळा तिथंच जेवत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"मी उत्तर लिहितो," साहेब खुर्ची ओढत म्हणाले. "ह्या दोन त्रुटींवर नोटीस टिकायची नाही."

"टिकू दे की. खरं तेच लिहिलंय त्यांनी." काकूंनी गॅस बारीक केला. "अहो, मला हॉटेल काढायचंय. रीतसर. टेबलं-खुर्च्या मांडून."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनाच कळलं, की ते किती तरी वर्षं आत दबा धरून बसलं होतं.

काकू लग्न होऊन आल्या त्या भरल्या घरात. सासू-सासरे, दीर, जावा, नणंदा. रांधा, वाढा, उष्टी काढा. जावा कंटाळायच्या, कुरकुरायच्या, पाळ्या चुकवायच्या. काकू कुरकुरल्या नाहीत, कारण त्यांना त्यात एक गोष्ट फार आवडायची. पहिला घास तोंडात गेला की बोलणारं माणूस क्षणभर गप्प होतं. भांडत असलं तरी गप्प होतं. ते बघायला त्या स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहायच्या. पुढे घर पांगलं, मुलगा जहाजावर नोकरीला लागला, आणि जेवायला उरले साहेब आणि सून. सून बिचारी मनापासून गप्प व्हायची. साहेब पहिल्या घासालाच बोलायचे, "मीठ किंचित..." डबे सुरू झाले तेव्हा काकूंना वाटलं, पुन्हा माणसं मिळाली. पण डबा उघडायचा दुसरीकडेच कुठं तरी. तो चेहरा काही दिसायचा नाही.

जागा सुनेनं शोधली. चौकाच्या कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ बंद पडून बरेच दिवस झाले होते. फोटोवाला लेकीकडे राहायला गेला होता आणि जागा भाड्यानं द्यायला तयार होता. पुढच्या खोलीत उंच स्टूल आणि भिंतीवर खांब-पायऱ्यांचा रंगवलेला पडदा. मागची डार्करूम भिंतींसकट काळी रंगवलेली, तिच्यात एक लाल दिवा आणि औषधांच्या डागांनी पिवळं पडलेलं बेसिन. सून नाक दाबून दारातच थांबली. काकू मात्र आत जाऊन मोरीचा उतार बघून आल्या, नळ सोडून पाण्याचा जोर बघितला, भिंतीवर मूठ आपटली.

"इथं शेगडी. इथं भांडी. आणि ही भिंत फोडून खिडकी."

"आई, काळंकुट्ट आहे हो सगळं."

"चुन्याचे दोन हात दिले की काळं काय नि पांढरं काय," काकू म्हणाल्या.

अर्जाचं काम साहेबांनी अंगावर घेतलं. "परवाना कसा मिळतो हे आता मला कोण शिकवणार?" असं म्हणत त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि काकूंना घेऊन आपल्या जुन्या खात्यात गेले. जाताना वाटेत त्यांनी काकूंना सांगून ठेवलं, की लोक उठून उभे राहतील, तर तू संकोचू नकोस.

कुणी उठलं नाही. लोक आधीच रांगेत उभे होते. साहेब जिथं बसायचे ती लाकडी खिडकी काढून टाकली होती आणि तिथं थंड पाण्याचं मशीन ठेवलं होतं. काचेपलीकडच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "आजोबा, अर्ज आता ऑनलाइन."

"मी आजोबा नाही. मी ह्या खात्याचा—"

"आजोबा, पुढं सरका हो," मागून कुणी तरी म्हणालं.

काकूंनी ओठ दाताखाली धरला. हसल्या असत्या तर आठवडाभर घरात अबोला झाला असता. परत येताना काकूंनी त्यांना कोपऱ्यावरच्या टपरीवर बसवलं, कॉफी सांगितली आणि ते अर्धी कॉफी प्याल्यावर म्हणाल्या, "सून भरेल. पण तपासायला घरचं माणूस असलेलं बरं. नाही तर लोक काय चुका करतात, तुम्हालाच माहीत."

साहेबांनी उरलेली कॉफी एका घोटात संपवली. "ते मात्र खरं आहे," ते म्हणाले.

सून घरूनच एका कंपनीचं हिशेबाचं काम करायची, त्यामुळे कॉम्प्युटरशी तिची दोस्ती होती. पण ह्या अर्जानं तिच्याही नाकी नऊ आणले. काकूंचा फोटो मोठा होतो म्हणून परत आला, मग लहान होतो म्हणून परत आला. भाडेकरार उलटा चढला. साहेब मागे उभे राहून प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचत होते आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होते. शेवटी विजेचं बिल कपाटातून आणायला ते आतल्या खोलीत गेले, तेव्हा कुठं घोडं पुढं सरकलं.

"हॉटेलचं नाव?" सुनेनं विचारलं.

ह्याचा कुणी विचारच केला नव्हता. "आदर्श भोजनगृह," आतून साहेबांचा आवाज आला.

"नावानंच भूक मरेल," काकू म्हणाल्या.

"आई, पटकन सांगा. हे पान बंद होणार आहे, वर घड्याळ लागलंय. मग पुन्हा पहिल्यापासून भरा."

"अगं, ठरायचंय अजून. मूल जन्माला यायच्या आधी नावाची कसली घाई?"

सुनेनं कपाळावरचे केस मागे सारले, रकाना रिकामा सोडता येत नव्हता म्हणून त्यात 'ठरायचंय' असं टाइप केलं, मनाशी म्हणाली नंतर बदलू, आणि पुढचं बटण दाबलं. साहेब बिल घेऊन आले तेव्हा ते पान मागं पडलं होतं.

त्यानंतर नावाची आठवण कुणालाही राहिली नाही, कारण एकेका खात्याची माणसं यायला लागली. पहिला आला अग्निशमन दलाचा अधिकारी. अंगानं भरदार, मिशा झुपकेदार, आवाज मात्र अगदी मऊ. तो आत शिरला, पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला.

"दार आत उघडतंय, काकू."

"दार आतच उघडतं ना सगळीकडे?"

"घरी चालतं. इथं आग लागली तर माणसं दाराकडे धावतील, एकमेकांवर रेटतील, आणि दार उघडायलाच जागा राहणार नाही. ते बाहेर उघडायला हवं."

काकूंनी डोळ्यांपुढं ते चित्र आणलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. "उद्याच सुताराला बोलावते," त्या म्हणाल्या. "आणखी काय असेल ते आजच सांगा."

पडदा काढायला लागणार होता, कारण तो कापडी होता. आग विझवायचं लाल नळकांडं स्वयंपाकघराच्या बाहेर टांगायचं होतं, आत नाही. आणि ते चालवायला जमलं पाहिजे, असं अधिकारी म्हणाला. काकू म्हणाल्या, "ह्यांना शिकवा." अधिकारी म्हणाला, "शेगडीशी कोण उभं राहणार? तुम्ही. मग तुम्हीच शिकायचं."

मागच्या बोळात त्यानं एका जुन्या परातीत चिंध्या पेटवल्या. ज्वाळा चांगल्या कमरेएवढ्या उठल्या. काकूंनी नळकांडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"पिन ओढा. तोंड ज्वाळेकडे नाही, बुडाकडे धरा. आता दाबा."

काकूंनी डोळे मिटून दाबलं. फस्सकन पांढरा लोट निघाला, वाऱ्यानं वळला आणि बाजूला सूचना देत उभ्या असलेल्या साहेबांना भुवयांपर्यंत माखून गेला. काकूंनी डोळे उघडले तेव्हा परातीतली आग विझली होती आणि बोळात पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा एक माणूस उभा होता.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं," अधिकारी मिशीत हसत म्हणाला.

"मला पुन्हा एकदा करून बघायचंय."

त्यानं पुन्हा चिंध्या पेटवल्या. ह्या वेळी काकूंनी डोळे उघडे ठेवले, पाय रोवले आणि एका फटक्यात आग विझवली. त्या दिवशी घरी जाताना त्या भाजी घ्यायला थांबल्या आणि भाजीवालीला, मागं उभ्या असलेल्या दोघींना आणि बसथांब्यावरच्या अनोळखी बाईला त्यांनी तोंड ज्वाळेकडे नाही, बुडाकडे धरायचं असतं हे समजावून सांगितलं.

अग्निशमनाचा ना-हरकत दाखला हाती आला. पण धुराड्याचा पाइप जाणार होता वरच्या मजल्याच्या भिंतीवरून, आणि त्यासाठी वरच्या मालकाची लेखी संमती लागणार होती. वर राहायचे ड्रिल मास्तर. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेले, एकटेच, ताठ कण्याचे. काकू संमतिपत्राचं बोलायला वर गेल्या तेव्हा ते बनियनवर डंबेल्स मारत होते.

"त्रुटीसाहेबांच्या मंडळी ना तुम्ही? बसा, वहिनी. सही करणार नाही. चहा घ्या."

काकू बसल्या. मास्तरांनी चहा करून आणला, चांगला कडक होता. तो पिताना मास्तरांनी सांगितलं, की तरुणपणी त्यांना ह्या इमारतीच्या आवारात व्यायामशाळा काढायची होती. "तुमच्या साहेबांनी अर्ज परत पाठवला. किरकोळ त्रुटी म्हणे. स्त्रियांसाठी वेगळी खोली दाखवलेली नाही. अहो, माझ्या व्यायामशाळेत बायका येणार होत्या कुठून?"

"मी आले असते," काकू म्हणाल्या.

मास्तरांचा कप ओठांशीच थांबला. "तुम्ही?"

"तेव्हा माझी कंबर धरायची. वैद्यानं व्यायाम करा म्हणून सांगितलं होतं. करायचा कुठं, ते कुणी सांगितलं नाही."

मास्तरांनी कप खाली ठेवला. हसू आवरायचा त्यांनी बराच प्रयत्न केला. पण ते मिशा काढून टाकलेलं तोंड, हसू लपवायला जागाच नव्हती. काकूंनी तेवढ्यात विचारून घेतलं, "ते जाऊ दे. तुम्हाला नक्की काय नको ते सांगा. वास नको?"

"जेवणाच्या वासाला कोण नाही म्हणेल? ती खिडकी बघा. सकाळी तिथं उभा राहून मी श्वासाचे व्यायाम करतो. तुमचा पाइप नेमका तिच्यापाशी तोंड उघडणार."

"मग पाइप छपराच्या वर नेऊ. खिडकीपासून लांबून."

"नेणार?"

"नेणार म्हटलं ना."

मास्तरांनी खिडकीतून वाकून छपराकडे पाहिलं. "मग हरकत नाही. पण एक अट. संमतिपत्र साहेबांनी स्वतः लिहून आणायचं. आणि ते मी तपासणार."

काकूंनी घरी येऊन निरोप सांगितला. साहेब ताडकन उठले. "तो अर्ज नियमानंच परत गेला होता."

"गेला असेल. आता हे संमतिपत्र नियमानं लिहून वर न्या."

साहेबांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात संमतिपत्र लिहिलं, काकूंबरोबर स्टुडिओवर आले आणि जिना चढून मास्तरांकडे गेले. थोड्या वेळानं तसेच खाली आले. "तारीख नाही म्हणतो," ते पुटपुटले. तारीख घालून पुन्हा गेले. पुन्हा आले. "मजला लिहिला नाही म्हणतो. खालीही तोच मालक समजतील म्हणे. तसा मुद्दा बरोबर आहे." पुढच्या खेपेला मात्र ते गेले ते गेलेच. दुपार उलटली तरी पत्ता नाही. वर दोघांची जुंपली की काय, ह्या धास्तीनं काकू जिना चढल्या. दार उघडंच होतं. दोघं बुद्धिबळाच्या पटावर वाकले होते. संमतिपत्र सहीसकट टेबलाच्या कडेला होतं आणि त्याच्यावर साहेबांचे मारलेले हत्ती-घोडे ठेवलेले होते.

"वहिनी, साहेबांच्या खेळात फार त्रुटी आहेत हो," मास्तर वर न बघता म्हणाले.

साहेबांनी विचारलं, "व्यायामशाळेचं पुढं काय केलंत मग?"

"काय करणार? मैदानावर उघड्यावरच शिकवायला लागलो. पाऊस आला की सुट्टी." मास्तरांनी वजीर पुढं सरकवला. "बरंच झालं तसं. भिंती असत्या तर भाडं भरता भरता मीच वाळलो असतो. शह."

राहिली आरोग्य खात्याची तपासणी. अन्न निरीक्षक म्हणून आली ती एक तरुण बाई, केस टोपीत घट्ट खोचलेले, हातात तापमापक. तिनं शीतकपाट उघडलं, कच्चं कुठं ठेवणार नि शिजवलेलं कुठं ठेवणार विचारलं, ओट्याखाली बॅटरी मारून बघितलं, काकूंचे आणि सुनेचे तब्येतीचे दाखले तपासले. काकूंनी कॉफी पुढं केली तर ती म्हणाली, "तपासणीच्या दिवशी पाणीसुद्धा घेत नाही, काकू. राग मानू नका." काकूंनी राग मानला नाही, पण कॉफी परत नेताना त्यांचा जीव हळहळला.

एका जागी घोडं अडलं. निरीक्षकबाईंना नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल हवा होता. तो मिळायला धंद्याची नळजोडणी हवी, आणि पाणी खातं म्हणत होतं आधी परवाना दाखवा, मग जोडणी. काकू आणि सून एकमेकींकडे बघायला लागल्या. कोपऱ्यात हात मागे बांधून उभे असलेले साहेब खाकरले.

"जुन्या जोडणीच्या पाण्याचा नमुना तात्पुरता चालतो. आमच्या वेळी तसं परिपत्रक होतं. आता असेल-नसेल, ठाऊक नाही."

निरीक्षकबाईंनी फोनवर शोधलं, बराच वेळ शोधलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "आहे की. बरं झालं सांगितलंत, माझे आणखी दोन अर्ज ह्याच्यावरच अडकलेत." मग त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "फक्त जाळी बसवून घ्या. एवढी एक किरकोळ त्रुटी आहे."

काकू धास्तावल्या. साहेबांच्या मात्र चेहऱ्यावर असं तेज आलं, जसं मुलगा परीक्षेत पहिला आल्यावर आलं होतं. निरीक्षकबाई गेल्यावर ते काकूंना म्हणाले, "ऐकलंस? शब्दन् शब्द तसाच."

जाळी बसली, पाण्याचा अहवाल आला, आणि एका सकाळी सुनेच्या कॉम्प्युटरवर परवाना येऊन थडकला. तिनं हाका मारून दोघांना बोलावलं, कागद छापून घेतला आणि वाचता वाचता कपाळावर हात मारला.

"काय गं? नाही दिला?" काकूंनी विचारलं.

"दिला." सुनेचा आवाज रडवेला झाला. "आई, चूक माझी आहे. तेव्हा नाव ठरत नव्हतं म्हणून मी... नंतर बदलू म्हटलं आणि विसरले." तिनं कागद पुढं धरला. वर काकूंचं पूर्ण नाव होतं, माहेरी शाळेत होतं तसं स्वच्छ आणि मोठ्या अक्षरात. त्याखाली लिहिलं होतं: आस्थापनेचे नाव, ठरायचंय.

नाव बदलायचं तर नवा अर्ज. मग अग्निशमनाचा दाखला पुन्हा, संमतिपत्र पुन्हा, तपासणी पुन्हा. सून डोळे पुसत होती. काकूंनी साहेबांकडे पाहिलं. आता ते काय बोलतील ह्याची दोघींनी धास्ती घेतली होती. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी नेला, पुढून वाचला, मागून वाचला.

"ह्यात एकही त्रुटी नाही," ते म्हणाले.

"अहो, पण नाव?"

"नियम एवढंच म्हणतो, की पाटीवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव एक असावं. नाव चांगलं असावं असं कुठंही म्हटलेलं नाही." त्यांनी कागद जपून टेबलावर ठेवला. "पाटी रंगवणाऱ्याला बोलवा."

काकूंना आधी खुदकन हसू आलं, मग ते वाढत गेलं, आणि मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदरात तोंड खुपसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सूनही हसायला लागली. साहेबांनी दोघींकडे पाहिलं. आपण काही विनोद केलाय हे त्यांच्या जरा उशिरानं लक्षात आलं, आणि मग तेही हसले.

पाटीवाला रंगाचे डबे आणि शिडी घेऊन आला. "नाव काय काढायचं?"

"ठरायचंय," सून म्हणाली.

"मग ठरलं की बोलवा," असं म्हणून तो शिडी उचलून निघालाच होता. त्याला परवाना दाखवून समजावून सांगेपर्यंत चौकात बघे जमले, आणि अर्ध्या गावाला हॉटेलचं नाव पाटी सुकायच्या आधीच कळलं. संध्याकाळपर्यंत लोकांना खेळच मिळाला. बँकेत कुणी विचारायचं, "उद्या जेवायला कुठं?" दुसरा म्हणायचा, "ठरायचंय," आणि सगळे हसायचे. एवढी जाहिरात पैसे मोजून झाली नसती.

उघडण्याच्या दिवशी काकू पहाटे उठून आल्या होत्या, तरी दुपारी दार उघडलं तेव्हा त्यांना वाटलं कुणीच येणार नाही. मग खालची नर्स आली, तिच्यामागं तिचा वॉर्ड आला, बँक आली, अग्निशमन दलाची माणसं गणवेशात आली, आणि दार बाहेर उघडताना त्यांतला मिशीवाला अधिकारी सगळ्यांना म्हणाला, "हे माझ्यामुळं." साहेब इस्त्रीच्या शर्टात दाराशी उभे राहून लोकांना टेबलं दाखवत होते. नंबराप्रमाणं बसवायचा त्यांचा बेत होता, पण लोक जागा दिसेल तिथं बसले. सून ताटं नेत होती. डार्करूमच्या पांढऱ्या झालेल्या भिंतीत वाढण्यासाठी एक चौकोनी खिडकी पाडली होती. काकू तिच्यातून सगळं बघत होत्या. बँकेतले दोघं कसल्या तरी खात्यावरून वाद घालत होते. ताट आलं, एकानं रश्श्यात पाव बुडवून घास घेतला, पुढचा शब्द बोलायला तोंड उघडलं आणि तो नुसताच चावत राहिला. दुसराही गप्प झाला. शेजारचं टेबल गप्प झालं. काकू हात पुसायच्या थांबल्या. "आई, तीन ताटं," सुनेनं हाक मारली तेव्हा त्या भानावर आल्या.

दिवस मावळायच्या आधीच पातेल्यांचे तळ दिसायला लागले. काकूंनी आणखी भात टाकला, तो गेला. मासे गेले, भाजी गेली, रस्सा पुसून गेला, पाव संपले, कांदेसुद्धा संपले. शेवटी साहेबांनी दारात उभं राहून लोकांना नम्रपणे सांगितलं, की आज साठा संपला आहे, क्षमस्व. दार लागलं, खुर्च्या टेबलांवर चढल्या, आणि तेव्हा सुनेच्या लक्षात आलं.

"आई, आपण कुणीच जेवलो नाही."

काकूंनी एकेक झाकण उघडून बघितलं. काही म्हणजे काही नव्हतं. अख्ख्या चौकाला जेवू घातलेल्या हॉटेलात मालकिणीला खायला शीत नव्हतं.

तेवढ्यात वरून मास्तरांनी जिन्यात येऊन हाक मारली. भांड्यांचा आवाज थांबला तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं म्हणे, की खाली सगळं संपलंय. "या वर सगळे. अंडी उकडलीत. दुसरं मला काही येत नाही."

चौघं मास्तरांच्या टेबलाभोवती बसले, बुद्धिबळाचा पट पलंगावर गेला. अंडी जरा जास्तच उकडली होती आणि पाव कालचा होता. काकूंनी वहाणा काढून पाय खुर्चीवर घेतले, दुसरं अंडं मागून घेतलं, मग तिसरं घेतलं. साहेब अंडं सोलता सोलता दिवसभरात कोण कोण आलं ते पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. आपल्या वेळच्या एका दुकानदारानं त्यांना ओळखलं होतं आणि उठून उभं राहून नमस्कार केला होता, तेवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

"उद्या काय करायचं?" मास्तरांनी काकूंना विचारलं. "म्हणजे, जेवायला."

काकूंनी मीठ अंड्यावर भुरभुरलं. "दुप्पट," त्या म्हणाल्या, आणि सुनेला म्हणाल्या, "मासेवालीला आत्ताच फोन लाव, ती झोपायच्या आधी."